पंचेचाळीस हजारांत पहिला डीएसएलआर: अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका खरेदीचा अभ्यास

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे छोटे दुकान चालवणाऱ्या एका तरुणाने डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा आणि आत आरसा असलेला, कॅमेरा घेण्याचे ठरवले, तेव्हा त्याच्याजवळ ४५,००० रुपये होते. त्यातील मोठा वाटा वडिलांच्या धानाच्या चुकाऱ्यातून आलेला होता आणि उरलेला दुकानाच्या गल्ल्यातून जमलेला होता. रक्कम ऐकून वडिलांनी "एवढ्यात तं मोटरपंप येऊन जाते" एवढेच म्हटले, पण मुलाला अडवले नाही. साकोलीकडच्या एका महाविद्यालयात मी छायाचित्रणाचा छंदवर्ग घेतो. तिथल्या एका विद्यार्थ्याच्या ओळखीने हा तरुण माझ्याकडे आला. त्याचे नाव येथे दिलेले नाही. बाकीचा तपशील मात्र त्याच्या संमतीने मांडला आहे, कारण खेड्यातून पहिला कॅमेरा घेणाऱ्या बहुतेकांपुढे याच अडचणी थोड्याफार फरकाने येतात.

तो आला तेव्हा त्याच्या हातात नागपूरच्या सीताबर्डीवरील एका दुकानाचे दरपत्रक होते. कॅनन १५००डी हा कॅमेरा, त्याबरोबर १८-५५ मिमी आणि ५५-२५० मिमी अशी दोन झूम लेन्स (मिमीचा आकडा लहान तितका आवाका रुंद, मोठा तितके लांबचे जवळ दिसते), शिवाय बॅग, हलका ट्रायपॉड आणि लेन्सपुढे लावायची काच म्हणजे यूव्ही फिल्टर "फुकट". दुकानदारी भाषेत याला डबल किट म्हणतात. सारा संच त्याच्या रकमेला थोडासा ओलांडत होता आणि वरचे पैसे हप्त्याने देण्याची सोयही होती. त्याचा प्रश्न सरळ होता: "सर, हे घेऊ का निकॉनचं घेऊ?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी कॅमेऱ्याने नेमके काय टिपायचे आहे, हे विचारणे भाग होते. त्याने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली आणि सर्वांत जिव्हाळ्याची म्हणजे झाडीपट्टीची, पूर्व विदर्भातली, नाटके. दिवाळीत भाऊबीजेपासून गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरू लागते, दिवसा दंडार हे लोकनाट्य आणि रात्री नाटक असा बेत असतो, आणि वडसा म्हणजे देसाईगंज येथून निघणाऱ्या नाटक मंडळ्या पुढे होळीच्या आसपासपर्यंत भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत प्रयोग करत राहतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तरीही बॅनरवरचे सजवलेले चेहरे सोडले तर प्रत्यक्ष प्रयोगाची चांगली छायाचित्रे क्वचितच पाहायला मिळतात, असे त्याचे निरीक्षण होते आणि ते मला पटले. दुसरी गोष्ट तलावांवरचे पक्षी, विशेषतः सारस. तिसरी गोष्ट पोटापाण्याची, म्हणजे वाढदिवस, बारसे, साखरपुडा अशी लहान कामे, ज्यांसाठी तालुक्याचा स्टुडिओवाला येत नाही किंवा आला तर परवडत नाही.

या तीन गोष्टींना तीन वेगळी लेन्स लागतात, आणि त्याच्या रकमेत तिन्ही नीट बसत नव्हती. त्यामुळे कोणत्या कंपनीचा कॅमेरा घ्यावा हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवून, कोणते काम आधी आणि त्या कामाच्या वेळी प्रकाश किती, हे ठरवावे लागले. डबल किटची सारी अडचण या दुसऱ्या मुद्द्यात दडलेली होती, आणि दरपत्रकात त्याविषयी अर्थातच एक ओळही नव्हती.

प्रकाश मोजण्यासाठी कोणतेही उपकरण विकत घ्यावे लागले नाही. मागच्या हंगामात त्याने मोबाईलवर नाटकाचे जे फोटो काढले होते, त्यांची माहिती गॅलरीत उघडून पाहिली. नाइट मोड बंद ठेवून काढलेल्या फोटोंमध्ये साधारणपणे एफ/१.८, शटर १/३० सेकंद आणि आयएसओ १००० असे आकडे दिसत होते. एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचे माप, तो जितका लहान तितके छिद्र मोठे आणि प्रकाश जास्त. शटर म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, आणि आयएसओ म्हणजे प्रकाशाला दिलेली संवेदनक्षमता. मोबाईलचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, लहान आणि डीएसएलआरचा मोठा असला, तरी एकाच छिद्रमापाला, एकाच शटरवेगाला आणि एकाच आयएसओला छायाचित्राचा उजेड जवळपास सारखाच येतो. त्यामुळे हे आकडे डीएसएलआरसाठीही आधार म्हणून वापरता येतात. फरक पडतो तो स्वच्छतेत. कॅननच्या या वर्गातील कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे २२.३ × १४.९ मिमी असतो, मध्यम किमतीच्या मोबाईलमधील सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा, म्हणून त्याच आयएसओला त्यात दाणा, म्हणजे चित्रातला खरखरीतपणा, पुष्कळ कमी दिसतो.

आता १/३० सेकंदात नट स्थिर उभा असेल तरच चेहरा स्वच्छ येतो. हात उगारला, मान वळवली की सारे पुसट होते. शटर १/१०० केले तर संवादातील बहुतेक हालचाल पकडता येते, आणि या वेगाचा आणखी एक फायदा असा, की आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि १/१०० च्या शटरने ती एक पूर्ण आवृत्ती छायाचित्रात येते. अधिक वेगवान शटरला एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे उमटण्याचा धोका वाढतो. तेव्हा एफ/१.८ वर शटर १/३० वरून १/१०० नेले, तर आयएसओ १००० वरून सुमारे ३२०० वर न्यावा लागेल. आजच्या कोणत्याही डीएसएलआरला हे जमते.

हेच गणित दरपत्रकातील लेन्सला लावले, तर चित्र पार बदलते. १८-५५ लेन्स ५५ मिमीला आणि ५५-२५० लेन्स २५० मिमीला जास्तीत जास्त एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ आणि एफ/५.६ यांच्यातील प्रकाशाचा फरक जवळजवळ दहापट आहे. म्हणजे त्याच मंचावर, त्याच १/१०० ला, आयएसओ सुमारे ३२,००० लागेल. आणि १५००डी ची आयएसओ मर्यादा ६४०० आहे, ताणून १२,८००. ज्या कामासाठी कॅमेरा घ्यायचा, तेच काम डबल किटमधील दोन्ही लेन्सना जमणार नव्हते. फ्लॅश वापरायचा प्रश्नच नव्हता. मंचावरच्या रंगीत प्रकाशाची सारी मजा त्याने जाते, आणि नटाच्या डोळ्यांवर, रात्रभर जागणाऱ्या प्रेक्षकांवर फ्लॅश मारणे हा असभ्यपणा आहे.

येथे एक नोंद करावीशी वाटते. दोन लेन्सचा संच स्वस्त पडतो, हे खरे आहे, आणि दिवसाच्या उजेडात, सहलीत, शेतात फिरताना तो उत्तम काम देतो. दुकानदार फसवत होता असे मुळीच नाही. पण "१८ पासून २५० पर्यंत सगळे आले" हे वाक्य ऐकून ग्राहकाला आपल्या साऱ्या गरजा भागल्यासारखे वाटते. त्या वाक्यात लेन्स किती लांबचे पाहते हे येते, किती अंधारात पाहते हे येत नाही. खेड्यातील बहुतेक समारंभ, मग ते लग्न असो की जागरण, दिवस मावळल्यावर रंगतात.

म्हणून पहिला निर्णय लेन्सचा झाला: कॅनन ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम. २०१५ मध्ये आलेली ही लेन्स अवघी १६० ग्रॅमची आहे, नवी घेतली तरी दहा हजारांच्या आत-बाहेर मिळते आणि जुन्या बाजारातही सहज सापडते. निकॉनमध्ये तिच्या तोडीला ३५ मिमी एफ/१.८जी ही लेन्स आहे, आणि खोलीतल्या कामासाठी मला ती अधिक सोयीची वाटते, कारण तिचा आवाका थोडा रुंद आहे. मात्र निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० यांसारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर अंगभूत नसते. त्यामुळे स्वस्तात मिळणारी जुनी ५० मिमी एफ/१.८डी लेन्स त्यांवर बसते, पण आपोआप फोकस करत नाही. जुन्या बाजारातून घेणाऱ्याने लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी ही अक्षरे आहेत का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. या तरुणाच्या बाबतीत निकॉन बाद झाला तो गुणवत्तेमुळे नाही. त्याच्या ओळखीतील जवळचे दोन स्टुडिओ कॅनन वापरत होते, आणि अडीअडचणीला बॅटरी किंवा लेन्स मागून आणता येणे ही खेड्यात फार मोठी सोय असते.

त्यानंतर कॅमेऱ्याच्या मूळ भागाचा, म्हणजे बॉडीचा, विचार सुरू झाला. त्याआधी मिररलेसचा, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या बांधणीच्या कॅमेऱ्यांचा, प्रश्न निकालात काढणे आवश्यक होते. त्यांसाठी कॅननने आरएफ माउंट (माउंट म्हणजे लेन्स बसवण्याची जागा) आणि निकॉनने झेड माउंट २०१८ मध्ये आणले आणि तेव्हापासून दोन्ही कंपन्यांचे लक्ष तिकडेच आहे. डीएसएलआरसाठी नवी लेन्स येतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. रक्कम ७०,००० असती तर मी मिररलेसच सुचवला असता. पण ४५,००० मध्ये नवा मिररलेस घेतल्यावर उजळ लेन्ससाठी काहीच उरत नव्हते, आणि नाटकासाठी नवा कॅमेरा व मंद लेन्स यांपेक्षा जुना कॅमेरा व उजळ लेन्स केव्हाही बरी. शिवाय कॅननच्या ईएफ लेन्स पुढे अडॅप्टर लावून आरएफ कॅमेऱ्यांवर फोकससह चालतात, त्यामुळे लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही. सगळे लोक मिररलेसकडे वळत असल्यामुळे वापरलेले डीएसएलआर स्वस्त झाले आहेत, हा तर त्याच्या पथ्यावरच पडणारा भाग होता.

वापरलेल्या कॅमेऱ्यांत तीन नावे समोर आली: १५००डी, २००डी आणि २००डी मार्क दोन. तिन्हींचा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा, तिन्हींच्या दृष्टिदर्शकातून फोकसचे बिंदू ९, आणि साध्या स्थिर छायाचित्रात फार फरक पडत नाही. पण वाढदिवसाचे काम देणारा ग्राहक आजकाल फोटोबरोबर मोबाईलवर टाकण्यासाठी छोटा व्हिडिओ मागतोच, आणि तेथे १५००डी उघडा पडतो: व्हिडिओ घेताना तो आपणहून सतत फोकस बदलत राहत नाही आणि त्याला बाहेरचा माइक जोडायची जागा नाही. २०१७ चा २००डी आणि २०१९ चा २००डी मार्क दोन या दोघांत व्हिडिओतही आपोआप फोकस धरणारी ड्युअल पिक्सेल फोकस ही सोय आहे, फिरणारा टचस्क्रीन आहे आणि माइकची जागाही आहे. मार्क दोन नवा म्हणून अधिक चांगला, असे कोणालाही वाटेल. परंतु त्याच्या फ्लॅशच्या खाचेतील मधला संपर्कबिंदू कॅननने काढून टाकला, त्यामुळे तीन-चार हजारांत मिळणारे साधे एकबिंदू फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. जुन्या २००डी वर ते पेटतात. महाग फ्लॅश न परवडणाऱ्या माणसासाठी ही लहान दिसणारी गोष्ट निर्णायक ठरली, आणि वापरलेला २००डी, त्याचे १८-५५ एसटीएम लेन्स, वर नवे ५० मिमी असा संच पक्का झाला.

असा कॅमेरा भंडाऱ्याकडच्या एका छायाचित्रकाराकडे मिळाला. त्याने मिररलेस घेतला होता. पाहणीला आम्ही दोघे गेलो. कॅननच्या फोटोच्या माहितीत शटर किती वेळा चालले हे लिहिलेले नसते, निकॉनच्या फोटोत ते असते. म्हणून कॅननमध्ये इतर खुणांवर अधिक विसंबावे लागते. पकडीच्या रबराची झीज, फ्लॅशच्या खाचेवरचे ओरखडे आणि माउंटचे स्क्रू कोणी उघडले आहेत का, हे पाहिले. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो, मुद्दाम फोकस बिघडवून काढला, म्हणजे सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. तीन-चार ठिपके होते, ते ब्लोअरने गेले. फिरणाऱ्या पडद्याची बिजागरी सर्व बाजूंना वळवून पाहिली, कारण तिच्यातली तार तुटली तर दुरुस्तीचा खर्च झेपत नाही. सर्वांत अधिक वेळ लेन्सवर घालवला. धानाच्या पट्ट्यात पावसाळाभर हवा दमट असते, आणि बॅगेत बंद करून ठेवलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते. मागच्या बाजूने टॉर्च धरून काचेत पाहिले की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. येथे ते नव्हते. मूळ बिल होते, त्यावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळला, आणि मगच पैसे दिले गेले.

कॅमेरा आणि किट लेन्स २६,००० ला, ५० मिमी लेन्स नवी, एक साधा फ्लॅश, एक जादा बॅटरी, दोन मेमरी कार्डे आणि झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा मोठा डबा, ज्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून सारा संच ठेवायचा. त्याच्या आईने डब्यात तांदूळ टाकण्याचा सल्ला दिला होता. तो नाकारावा लागला, कारण तांदळाची पीठासारखी बारीक धूळ लेन्सच्या सांध्यांत शिरते. यूव्ही फिल्टर घेतला नाही. स्वस्त फिल्टर लावला की मंचावरच्या प्रखर दिव्यांच्या भुतासारख्या प्रतिमा फोटोत भलत्याच जागी उमटतात. पुढच्या भागाचे रक्षण करायला लेन्सचे हूड पुरेसे असते. सारे मिळून ४५,००० च्या आत बसले आणि हप्ता लागला नाही.

पहिल्या हंगामात जे हाती आले, ते सगळेच अपेक्षेप्रमाणे नव्हते. ५० मिमी लेन्स या सेन्सरवर ६ मीटर अंतरावरून मंचाचा जेमतेम २.७ मीटर रुंद भाग दाखवते. एका नटाचा, दोघांच्या संवादाचा फोटो त्यात सुरेख बसतो, पण दंडारीचा सगळा ताफा किंवा लावणीची पूर्ण रांग घ्यायची तर १५ मीटर मागे जावे लागते, आणि तेथे पुढच्या माणसांची डोकी आडवी येतात. स्पष्टतेची खोलीही फसवते: एफ/१.८ वर ६ मीटरला सुमारे १ मीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो, ३ मीटरवर तो पाव मीटरच उरतो. नायक पुढे आणि खलनायक दोन पावले मागे असेल, तर दोघांपैकी एकच स्पष्ट, हे त्याला दोन-तीन प्रयोगांनंतर कळले, आणि तो पात्रे एका रेषेत येण्याची वाट पाहू लागला. एक्सपोजरच्या, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याच्या, बाबतीत कॅमेऱ्याच्या आपोआप मोजण्यावर सोडून चालले नाही, कारण मागचा काळा पडदा पाहून कॅमेरा सगळे उजळ करायला जातो आणि रंग लावलेले चेहरे पांढरे फटक पडतात. म्हणून मॅन्युअलवर १/१००, एफ/२ आणि आयएसओ ३२०० ते ४००० ठरवून घेणे, लाल-निळ्या दिव्यांच्या प्रवेशांत थोडे कमी ठेवणे, आणि सारे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, घेऊन दुकानातल्या संगणकावर कॅननच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रंग सुधारणे, ही पद्धत बसली. पडद्यावर पाहून फोकस केला तर अंधारात तो अधिक अचूक लागतो, पण पडद्याचा उजेड शेजारच्यांना त्रास देतो. मागच्या बाजूला उभे असतानाच तो वापरावा. मंडळीच्या मालकाची आणि कलावंतांची, विशेषतः स्त्री कलावंतांची, परवानगी आधी घेण्याचा नियम त्याने स्वतःच घातला, आणि प्रयोगानंतर फोटो पाठवत गेल्याने पुढच्या गावांत त्याला मंचाजवळ जागा मिळू लागली.

घरगुती कामांत किट लेन्सच अधिक उपयोगी पडले. खोल्या लहान, माणसे भिंतीला टेकलेली, तेथे १८ मिमीशिवाय भागत नाही. फ्लॅशचा प्रकाश छतावर आपटवून मऊ करावा, असे सर्वत्र शिकवले जाते, पण कवेलूच्या म्हणजे कौलारू घरात पांढरे सपाट छतच नसते. प्रकाश वर जातो आणि मातकट होऊन थोडासाच परततो. मग फ्लॅश बाजूच्या चुन्याच्या भिंतीकडे वळवणे किंवा कोणाला तरी पांढरी चादर धरायला लावणे, हाच उपाय. पाहुण्यांना ते गमतीचे वाटते, पण चेहऱ्यावरची चकाकी त्याने जाते.

सारसांचे फोटो या हंगामात झाले नाहीत. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत, आणि धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठी ती जोडी दिसली, तरी ६० मीटरच्या आत जाऊन तिला उठवणे योग्य नाही. त्या अंतरावर २५० मिमी लेन्सची चौकट उंचीला सुमारे ३.६ मीटर दाखवते, म्हणजे दीड मीटरहून उंच असलेला सारस चौकटीच्या निम्म्याजवळ येतो. सकाळच्या उजेडात एफ/५.६ ची अडचण नसते. नवेगावबांधच्या पाण्यातल्या लहान बदकांना मात्र २५० मिमी अपुरी पडेल, हे त्याला स्पष्ट सांगितले आहे. तरीही पुढच्या चुकाऱ्यातून वापरलेली ५५-२५० एसटीएम घ्यायची, असे त्याने ठरवले आहे. माझे मत वेगळे होते: त्याच्या फोटोंतील आकडे पाहता कमाईची बहुतेक कामे १८ ते २४ मिमीच्या दरम्यान झालेली दिसतात, आणि २४ मिमी एफ/२.८ ची चपटी लेन्स त्याला रोज उपयोगी पडली असती. त्याने ते ऐकून घेतले आणि सारसासाठीच पैसे बाजूला ठेवले. पैसे त्याचे आहेत.

उन्हाळ्याची एक सूचना राहिली होती, ती त्याला फोनवर दिली. कंपनीच्या माहितीपत्रकात कॅमेरा ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे म्हटलेले असते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. दुचाकीच्या डिकीत तो दुपारी ठेवू नये, ओल्या सुती पंच्यात गुंडाळलेला डबा सावलीत ठेवावा, पण पंचा आणि कॅमेरा यांच्यामध्ये डब्याचे झाकण घट्ट असावे. आणि धान चुरण्याच्या खळ्यावर लेन्स बदलू नये, कारण ती बारीक कुसे सेन्सरपर्यंत पोहोचली की ब्लोअरने निघत नाहीत आणि सफाईसाठी नागपूर गाठावे लागते.